आधी थंड इंजिन, मग गरम: छोट्या मोटरसायकलचं सर्व्हिसिंग स्वतः करताना

पहिल्यांदाच पाने घेऊन बसलेला माणूस बहुतेक वेळा कार्ब्युरेटरलाच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागालाच, हात घालतो. कारण उघड आहे. तो बाहेरून दिसतो, त्याला फिरवण्याजोगे दोन स्क्रू असतात आणि ते फिरवले की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. चार दिवसांत गाडी पुन्हा मूळ पदावर येते, कारण खरं दुखणं असतं चोंदलेल्या एअर फिल्टरमध्ये किंवा आवळून बसलेल्या टॅपेटमध्ये, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या भागात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

काय काय करायचं हे तुम्हाला कुठेही सापडेल. कोणत्या क्रमाने करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझा क्रम इंजिनाच्या तापमानावर ठरतो. टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजता येते. ऑइल गरम असतानाच नीट निथळतं. आयडल, म्हणजे मूठ सोडलेली असताना इंजिन ज्या संथ वेगाने चालतं तो, तर तापलेल्या इंजिनावरच लावायचा असतो. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी प्लग, टॅपेट, एअर फिल्टर आणि पेट्रोलची वाट उरकायची. मग गाडी सुरू करून तापवायची आणि ऑइल बदलायचं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर एक काम दुसऱ्याची वाट लावतं.

इथलं सगळं १०० ते १५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, हवेने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक गाडीला धरून आहे. आकडे दिले आहेत ते अशा गाड्यांत सर्रास आढळणारे आहेत. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

बसण्यापूर्वी

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीचे पाने, प्लग पाना (बहुतेक १६ किंवा १८ मिमीचा), फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), चांगले स्क्रूड्रायव्हर, ऑइल धरायला पसरट भांडं, नरसाळं आणि भरपूर जुनी सुती फडकी. किती जोराने आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना मिळाला तर उत्तमच.

स्क्रूड्रायव्हरवर मुद्दाम दोन वाक्यं. जपानी बनावटीच्या किंवा तिथल्या आराखड्यावर बनलेल्या गाड्यांवरचे प्लस खाचेचे स्क्रू दिसतात नेहमीसारखे, पण त्यांची खाच जपानी मानकाची असते. साधा प्लस स्क्रूड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जपानी मानकाचा एक मिळवा. नाहीच मिळाला, तर निदान टोक खाचेत घट्ट बसतंय की नाही हे पाहून, दाब खाली ठेवून फिरवा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत साचते आणि दूरवरची ठिणगीही तिला पुरते. त्यामुळे काम उघड्यावर किंवा दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून करायचं, जवळपास ज्योत, सिगारेट किंवा ठिणगी उडवणारं यंत्र नको. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ते कळत नाही.

उघडण्यापूर्वी फोटो काढा. काढलेले बोल्ट एका पुठ्ठ्यावर, ज्या जागेवरून निघाले त्या मांडणीत टोचून ठेवा. कव्हरचे सगळे बोल्ट दिसायला सारखे असले तरी लांबी बऱ्याचदा वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड जागी आवळला तर आतली भिंत फुटते.

प्लग: इंजिनाची जीभ

वैद्य जीभ बघतात तसा प्लग बघायचा. आधी प्लगच्या भोवतालची धूळ फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर प्लग निघताक्षणी ती वाळू थेट सिलिंडरमध्ये. कॅप ओढताना कॅपच धरा, वायर ओढू नका.

टोकाचं चिनीमातीचं नाक फिक्या तपकिरी रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि हवा कमी होण्याचं पहिलं कारण एअर फिल्टर. पांढरंफटक नाक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेत, आणि ते काम या लेखाच्या पलीकडचं. रंग वाचताना एक पथ्य: गाडी नुसती चोक ओढून दोन मिनिटं चालवून बंद केली असेल तर प्लग काळाच दिसणार. नेहमीसारखी फिरून आलेली गाडी रात्री उभी केली आणि सकाळी प्लग काढला, तर तो खरं बोलतो.

फट फीलर गेजने मोजा. कुठे ०.६ ते ०.७ मिमी असते, कुठे ०.८ ते ०.९. कमी-जास्त करायची तर फक्त बाहेरचा वाकडा दांडा वाकवायचा, मधल्या दांड्यावर जोर पडला तर चिनीमाती तडकते. प्लगवरचा नंबर बदलू नका. तो नंबर प्लग किती उष्णता बाहेर नेतो ते सांगतो, त्याचा संबंध इंजिनाशी आहे, आपल्या हौसेशी नाही.

प्लग लगेच परत बसवू नका. पुढचं काम प्लग बाहेर असतानाच सोपं जातं. भोकावर स्वच्छ फडकं तेवढं ठेवा.

टॅपेट

नवशिक्यांना सगळ्यात भीती वाटते ती या कामाची, आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तोही याच कामाने. फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमवर (मिनिटाला ६,००० फेरे) फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उघडतो आणि बंद होतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर आपटत आपटत हळूहळू आत रुतत जातो आणि त्याच्या वरची फट कमी होत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. कॉम्प्रेशन गळतं, गाडी थंडीत सुरू व्हायला त्रास देते, आयडलवर बंद पडते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तर बैठकीवर टेकूनच आपली उष्णता सोडत असतो. तो टेकला नाही की जळतो.

आणि यातलं काहीच ऐकू येत नाही. सैल टॅपेट टिकटिक करून सांगतो, आवळलेला मुकाट्याने इंजिन खातो. "आवाज अजिबात नाही, मस्त चालतेय" असं कुणी म्हटलं की मला आधी टॅपेट बघावेसे वाटतात.

क्रम असा:

१. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. सिलिंडर हेडवरच्या दोन्ही टॅपेट टोप्या काढा. त्यांच्या रबरी ओ-रिंगा जपून ठेवा.

२. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन गोल झाकणं असतात. मोठ्याच्या आत क्रँकचा (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) बोल्ट दिसतो, छोट्यातून फ्लायव्हीलवरच्या खुणा दिसतात.

३. क्रँकचा बोल्ट सॉकेटने हळूहळू फिरवा, इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने. बहुसंख्य छोट्या गाड्यांत डावीकडून पाहताना ती दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलटी असते. प्लग काढलेला असल्याने हाताला जोर लागत नाही.

४. फ्लायव्हीलवरची ‘टी’ अक्षराजवळची रेघ कव्हरवरच्या खाचेसमोर आणा. शेजारी ‘एफ’ची रेघही असते. ती ठिणगीची वेळ दाखवते, तिच्यावर थांबू नका.

५. आता दोन्ही रॉकर (टोप्यांखालचे, व्हॉल्व्ह दाबणारे छोटे हात) बोटांनी हलवून बघा. दोन्हींना किंचित खेळ लागला पाहिजे. एखादा घट्ट असेल तर पिस्टन वर आलाय खरा, पण चुकीच्या फेरीत. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा आणि पुन्हा ‘टी’वर आणा. रॉकर हलवणाऱ्या कॅमचा एक फेरा होतो तेव्हा क्रँकचे दोन होतात, म्हणून ही गफलत होते.

६. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यामध्ये फीलर गेजचं पातं सरकवा. ०.०५ ते ०.१० मिमीच्या दरम्यानचा आकडा बऱ्याच गाड्यांत असतो. छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, यावरून अंदाज करा. पातं सरकलं पाहिजे, पण सरकताना ओढ जाणवली पाहिजे, लोण्यातून सुरी काढल्यासारखी.

७. फट चुकली असेल तर लॉकनट सैल करा, मधला स्क्रू फिरवून फट जुळवा, स्क्रू तसाच धरून लॉकनट आवळा. मग पुन्हा मोजा.

हे ‘पुन्हा मोजा’ कंटाळा आला तरी सोडू नका. लॉकनट आवळताना स्क्रू थोडासा सोबत फिरतोच, आणि नेमकी जुळवलेली फट बिघडते. पहिल्या वेळी मला एकेका टॅपेटला पाच-सहा प्रयत्न लागले होते. इनलेट आणि एक्झॉस्टची फट वेगवेगळी सांगितली असेल तर कार्ब्युरेटरच्या बाजूचा इनलेट, सायलेन्सरच्या बाजूचा एक्झॉस्ट.

क्रँकवरचा सॉकेट काढला का, ते दोनदा बघा. टोप्या ओ-रिंगांसकट बसवा. प्लग आधी बोटांनी, पान्याशिवाय आत जाईल तितका फिरवा. अडखळला तर आटे चुकलेत, उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. टेकल्यावर नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा आवळायचा, म्हणजे त्याचा वॉशर दबतो. जुन्या प्लगचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळाच्या काट्याने पाच मिनिटं पुढे जावं एवढाच फेरा पुरे.

एअर फिल्टर

इथे फार बोलण्यासारखं नाही. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, तळहातांत दाबून पिळा. कपड्यासारखा पीळ दिला तर फोम फाटतो. पूर्ण सुकला की फिल्टर ऑइल किंवा इंजिन ऑइल थोडंसं चोळून जादाचं दाबून काढा. धूळ पकडतं ते हे ऑइलच. पेट्रोलमध्ये फिल्टर धुण्याची सवय अनेकांना असते, ती आगीलाही आमंत्रण आणि फोमच्या डिंकालाही वाईट. कागदी फिल्टर धुवायचा नाहीच. आतून बाहेर हवेचा हलका झोत द्या, उजेडासमोर धरून बघा, काळवंडला असेल तर नवा घाला. तेल लावलेला कागदी फिल्टर येतो, त्याला झोतही द्यायचा नाही, तो थेट बदलायचा.

फिल्टरशिवाय ‘थोडीशी’ गाडी चालवून बघण्याचा मोह टाळा.

टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत

पेट्रोल टाकीतून खाली येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, त्यामुळे वाटेतला छोटासा अडथळाही पुरतो. वरून खाली तपासत या.

टाकीच्या झाकणाला श्वासाचं बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल येणं थांबतं, गाडी पाच-दहा किलोमीटरवर बंद पडते, आणि थोडा वेळ थांबलं की परत सुरू होते! अशी गाडी बंद पडताच झाकण उघडून बघा. ‘सुस्स’ आवाज आला तर चोर सापडला.

त्याच्या खाली पेट्रोल कॉक. टाकीत त्याच्या दोन नळ्या असतात, एक उंच, एक बुटकी. ‘ऑन’वर उंच नळीतून पेट्रोल येतं, ‘रिझर्व्ह’वर बुटकीतून. तळाशी साचलेला गंज आणि पाणी रिझर्व्हवर लावल्यावरच खाली उतरतं ते यामुळे. कॉकच्या तळाला छोटी वाटी असेल तर कॉक बंद करून ती काढा, आतली जाळी आणि गाळ साफ करा, ओ-रिंग चपटी झाली असेल तर बदला.

मग पाइपचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून काचेच्या बरणीत सोडा आणि कॉक उघडा. धार अखंड पडली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉक किंवा मधला फिल्टर तुंबलाय. बरणी पाच मिनिटं स्थिर ठेवून तळाशी बघा. पाणी वेगळं होऊन खाली बसतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र खाली उतरतात आणि वर नुसतं पेट्रोल राहतं. असा थर दिसला तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही. पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर आजच बदला. नव्या फिल्टरवर बाण असतो, तो कार्ब्युरेटरकडे.

कार्ब्युरेटर खरंच उघडायची गरज आहे का? गाडी एका झटक्यात सुरू होते, आयडल स्थिर आहे, रेस दिल्यावर अडखळत नाही, तर नाही. फार तर फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंग्याच्या) वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल बरणीत काढा, त्यातून तळाचा कचरा जातो. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर हे आवर्जून करायचं, कारण वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट थर राहतो आणि तो पहिल्यांदा पायलट जेट, म्हणजे आयडलसाठी पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, बुजवतो. या जेटचं भोक साधारण ०.३५ ते ०.४० मिमी असतं. चोक ओढला तरच गाडी आयडलवर राहते, चोक काढला की विझते, तर बहुधा हाच जेट बुजलाय किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या जोडातून हवा शिरतेय.

उघडायचाच झाला तर वाटीचे स्क्रू काढा, फ्लोटची पिन हळूच सरकवा, नीडल (फ्लोटला जोडलेली, पेट्रोल बंद करणारी सुई) पडू देऊ नका. जेट पितळेचे, मऊ. टोकाला नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हर वापरा. भोकात तार घालू नका. तारेने भोक किंचितही मोठं झालं की तो जेट गेला. कार्ब क्लीनरचा फवारा मारा, हवेचा झोत द्या, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघा. फवारा मारताना चष्मा घाला. दुसऱ्या भोकातून तो नेमका डोळ्यावर येतो.

मिश्रणाचा स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो हलकेच आत फिरवत नेऊन किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा. बहुधा दीड ते अडीच फेरे. टेकल्यावर आवळू नका, त्याचं सुईसारखं टोक बैठकीत खाच पाडतं आणि मग आयडल कधीच नीट लागत नाही.

एक धोक्याची खूण सांगून ठेवतो. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची नीडल नीट बसत नाही. अशा वेळी ऑइलची पातळी भरायच्या झाकणाला असलेल्या मापाच्या कांडीवर बघा आणि तिचा वास घ्या. पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरलंय. तसंच इंजिन चालवायचं नाही. आधी नीडल, मग नवं ऑइल, मगच किक.

आता गाडी सुरू करा: ऑइल

दोन-तीन किलोमीटर फिरून या. ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि गाळ सोबत घेऊन खाली येतं. पण लांबून आल्या आल्या बोल्ट उघडू नका, हात भाजतो. दहा मिनिटं थांबा.

छोट्या मोटरसायकलचं ऑइल एकटं तिघांचं काम करतं. पिस्टन आणि कॅमला वंगण देतं, गिअरच्या दातांमध्ये सापडून चिरडलं जातं, आणि शिवाय क्लचच्या प्लेटा त्याच्यातच बुडालेल्या असतात. म्हणून कारसाठीचं ऑइल इथे चालत नाही. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, ती क्लचला घसरवतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलेलं असलं पाहिजे. ‘एमबी’ हे ज्या गाड्यांत क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो त्यांच्यासाठी, मुख्यतः स्कूटरसाठी. १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४० हे पुस्तिका सांगेल. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, दुसरा गरम झाल्यावर किती दाट राहतं त्याचा. गिअरचे दात ऑइलला सतत कातरत असतात, त्यामुळे ते जुनं झालं की पातळ पडतं, आणि हे डोळ्यांआधी पायाला कळतं: गिअर खडखडून पडायला लागतात.

भरायचं झाकण आधी सैल करा, मग खालचा ड्रेन बोल्ट. शेवटचे आटे हाताने सोडवताना बोल्ट वर दाबून धरा आणि मग झटक्यात बाजूला घ्या, नाहीतर तो ऑइलच्या भांड्यात पडतो. काही गाड्यांत या मोठ्या बोल्टच्या मागे स्प्रिंग आणि जाळी असते. ती कोणत्या क्रमाने बाहेर आली ते बघून ठेवा. निथळायला दहा-पंधरा मिनिटं द्या. मधेच गाडी दोन्ही बाजूंना हलकी कलती करा.

निथळलेलं ऑइल बोटांत चोळून बघा. काळं असणं वाईट नाही, काळं होणं हे त्याचं कामच. अगदी बारीक चंदेरी चमक, विशेषतः नव्या गाडीत, चालते. नखाला लागतील असे तुकडे किंवा पापुद्रे चालत नाहीत. करपट वास आणि गडद बारीक चुरा क्लचकडे बोट दाखवतात. दुधट, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. रोज जेमतेम एक-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते दमटपणाचंही असतं, कारण इंजिन पुरेसं तापत नाही आणि आत धरलेलं पाणी उडून जात नाही.

ड्रेन बोल्ट हे माझं दुखरं ठिकाण. सुरुवातीच्या दिवसांत ‘गळायला नको’ म्हणून मी तो पान्याला पाइप लावून आवळला. बोल्ट पोलादी, इंजिनाचं कवच ॲल्युमिनियमचं. एका क्षणी हाताला अचानक हलकं लागलं, आणि आटे गेले हे कळायला वेळ लागला नाही. अति तिथे माती. बऱ्याच छोट्या गाड्यांत या बोल्टला २५ ते ३० न्यूटन-मीटर सांगितलेलं असतं. म्हणजे १७ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण १५ ते १८ किलोंचा जोर, आख्ख्या शरीराचा नव्हे. गळती थांबवतो तो वॉशर, ताकद नाही. वॉशर दर वेळी नवा घाला.

किती भरायचं ते बहुतेक वेळा भरायच्या झाकणाजवळ कवचावरच कोरलेलं असतं, साधारण ०.८ ते १ लिटर. एक लिटरचा डबा आणलाय म्हणून सगळा ओतू नका. नुसतं निथळून भरताना थोडं कमी लागतं, इंजिन पूर्ण उघडून जोडलं तरच कोरलेला मोठा आकडा. जास्त झालेलं ऑइल फेसाळतं, ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं, सीलवर दाब आणतं. दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा आणि गाडी सरळ उभी धरून पातळी बघा. कांडीचं झाकण बऱ्याच गाड्यांत न फिरवता, नुसतं टेकवून मोजायचं असतं.

काही इंजिनांत उजव्या कव्हरच्या आत, क्रँकवर बसलेली एक फिरती वाटी असते. वेगाने फिरताना ऑइलमधला कचरा ती कडेला फेकून धरून ठेवते. तिची सफाई कव्हर काढून, नवं गॅस्केट लावून करायची, आणि ती फार क्वचित लागते. पहिल्या सर्व्हिसिंगला तिच्या वाटेला जाऊ नका.

निघालेलं ऑइल रिकाम्या डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. गटारात किंवा मातीत नाही. हात लगेच धुवा, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीवर राहू देऊ नये.

गिअरबॉक्स न उघडता

गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे इंजिनाचं कवच दोन भागांत वेगळं करायचं. ते नवशिक्याचं काम नाही, आणि गिअरच्या बहुतेक तक्रारींना ते लागतही नाही. बाहेरून तीन गोष्टी बघायच्या. ऑइल आत्ताच झालं. दुसरा क्लच.

क्लचच्या दांडीच्या टोकाशी १० ते २० मिमी मोकळा खेळ हवा. खेळ नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. खेळ फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी उभी असताना न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर ‘खट्’ करून पडतो आणि क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे सरकू बघते. लोक याला गिअरबॉक्सचा बिघाड समजतात. आधी इंजिनाकडच्या टोकाचा नट फिरवून मोठा फरक काढा, हँडलजवळचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी राखा. केबलचे धागे सुटलेले दिसले तर केबल बदला. ती तुटते ती नेहमी अडचणीच्या जागी.

तिसरी गोष्ट चेन. ती फार आवळली तर गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील दोन्ही मरतात. चाक फिरवत चेनची सगळ्यात घट्ट जागा शोधा आणि ढील तिथे मोजा, मधोमध वर-खाली बऱ्याच गाड्यांत २० ते ३० मिमी. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढून आतला चिखल-ग्रीसचा लगदाही खरवडून टाका. त्याच्याखाली ताजं ऑइल ओघळलेलं दिसलं तर सील गेलंय.

आणि हे सगळं नीट असूनही गाडी एखाद्या ठरावीक गिअरमधून आपोआप सुटत असेल, तर आत गिअरच्या दातऱ्या गोल झाल्यात किंवा गिअर सरकवणारा फोर्क वाकलाय. इथे थांबायचं. जाणत्या मेकॅनिककडे न्यायची.

सगळ्यात शेवटी तो स्क्रू

एव्हाना इंजिन निवलं असेल, गाडी थोडी फिरवून ते पुन्हा पूर्ण तापवा. थ्रॉटलच्या मुठीला २ ते ६ मिमी मोकळा खेळ आहे ना बघा. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. फिरवताना रेस वाढली तर केबल ताणली जातेय.

आयडलच्या स्क्रूने इंजिन १,४०० आरपीएमच्या आसपास आणा. मीटर नसेल तर कानावर भिस्त: इंजिन धापा न टाकता, न घुमता चालू राहिलं पाहिजे. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आवाज जिथे सगळ्यात चढतो ती जागा शोधा, दर वेळी इंजिनाला दहा सेकंद स्थिरावू द्या. मग आयडलच्या स्क्रूने रेस परत खाली. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की मिश्रण दाट होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की दाट होतं. हे उलटं धरलं की तासभर जातो. कितीही फिरवला तरी आवाजात फरकच पडत नसेल तर स्क्रूची चूक नाही, पायलट जेट परत साफ करा.

इंजेक्शनच्या गाडीत हा भाग तुमच्यापुरता नाहीच. पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत पेट्रोल साधारण ३ बार दाबाखाली असतं, ती सहज म्हणून सोडू नका. फिल्टर, प्लग, टॅपेट, ऑइल करा, आणि टाकी तळाला जाऊ देऊ नका, कारण पंपाला थंड ठेवतं ते पेट्रोलच. गाडी टू-स्ट्रोक असेल तर टॅपेट नाहीत आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. इंजिनाचं टू-टी ऑइल त्याच्यात ओतू नका.

हत्यारं मोजून घ्या आणि आधी हळू, मग नेहमीच्या वेगाने पाच-सहा किलोमीटर जाऊन या. परत आल्यावर ड्रेन बोल्ट, टॅपेटच्या टोप्या आणि कॉकची वाटी यांच्याखाली कोरडं बोट फिरवा. किलोमीटरचा आकडा, तारीख, टॅपेटची आधीची आणि नंतरची फट, मिश्रणाच्या स्क्रूचे फेरे हे सगळं वहीत टिपून ठेवा. रात्री गाडीखाली एक जुना कागद पसरा आणि सकाळी त्यावर डाग पडलाय का, पडला असेल तर कशाच्या खाली, ते बघा.